ओमेच्या मुकुटाचं विसर्जन

माझ्या सुनेच्या आजीनं मरण्यापूर्वी विणलेला शेवटचा मुकुट मी कनालमध्ये विसर्जित केला, आणि तोही चपला काढून, हात जोडून. इतक्या नीटपणे केलेलं वाईट काम माझ्या खात्यावर दुसरं नाही.

आधी सुनेबद्दल सांगते. इल्झे लॅटव्हियाची. फिजिओथेरपिस्ट. आमचा निखिल फुटबॉल खेळताना घोट्यावर पडला तेव्हा त्याच्या बाबांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी, हे स्वतः रिटायर्ड हाडांचे डॉक्टर!) फोनवरच निदान केलं, "काही मोडलेलं नाही, बर्फ लाव." मोडलेलं होतं. प्लास्टर निघाल्यावर त्याला पुन्हा चालायला लावलं ते इल्झेनं. ह्यांचं निदान चुकलं म्हणून आम्हाला सून मिळाली, असं मी चारचौघांत सांगते, आणि हे दर वेळी पाणी आणायला उठून जातात.

मी शैला. मँचेस्टरजवळ सेल नावाच्या गावात राहते. घरामागे ट्राम, ट्रामला लागून कनाल, म्हणजे कालवा. रिटायर होईपर्यंत भूलतज्ज्ञ होते. ह्या पेशाचा एक तोटा असा, की समोरचा माणूस झोपलेला असतो. त्याला आधी दोन प्रश्न विचारायचे, सही घ्यायची, आणि मग तो तुमच्याशी वाद घालत नाही. उभ्या जन्माची सवय ती! सुनेच्या बाबतीत मी ते आधीचे दोन प्रश्नही गाळले.

तसं मला स्वतःचं भारी कौतुक होतं. ओळखीच्या बायका सुनांना काय काय सुनावतात ते मी ऐकलेलं. मी ठरवलं होतं, आपण बोलणारी सासू व्हायचं नाही. इल्झे दुधाचा चहा थंड करून पिते? बोलले नाही. बाळाला थंडीत बागेत प्रॅममध्ये झोपवते? तोंडातून शब्द काढला नाही (खिडकीत मात्र उभी राहिले, बाळ उठेपर्यंत). मी बोलत नाही, गुपचूप करून टाकते. गालिचा तिरका लागला तर सरळ करते, तिचे कप माझ्या पद्धतीनं लावते. "आमच्या घरात सासू-सुनेचा एक शब्द होत नाही," असं मी अभिमानानं सांगायचे. होणार कसा? मी विचारतच नव्हते.

फेब्रुवारीत मीरा झाली. सिझेरियन. आणि त्याच आठवड्यात तिकडे इल्झेची आजी गेली. आजीला ती ओमे म्हणायची. टाके ओले, कुशीत एवढंसं बाळ; जाणार कशी? अंत्यविधी तिनं आमच्या वरच्या खोलीत, पलंगावर बसून, फोनच्या पडद्यावर पाहिला. मी दाराबाहेर डिंकाच्या लाडवांची ताटली घेऊन उभी होते. आत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. मग वाटलं, नको, मधे पडल्यासारखं होईल. ताटली दाराशी ठेवली आणि खाली आले.

त्यांच्या फ्लॅटला लिफ्ट नाही, म्हणून बाळंतपणाला ती तिघं आमच्याकडे आली आणि राहिली. सामानाबरोबर एक सुकलेला मुकुटही आला. ओकच्या पानांचा, डोक्यावर घालायचा, वाळून चहाच्या रंगाचा झालेला. इल्झेनं तो आमच्या पुढच्या दारावर, आतल्या बाजूनं, खिळ्याला अडकवला. मला वाटलं, डेकोरेशन. रोज त्याची दोन-चार पानं कार्पेटवर पडायची आणि रोज मी हूव्हर फिरवायचे. अर्थातच, न बोलता!

जून आला. इल्झे म्हणाली, "आई, ह्या वर्षी लीगो तुमच्या बागेत करू या का? माझी आई पण येईल." (ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मधेच शिकलेलं मराठी पेरते, इथे मी सगळं मराठीत आणलंय.) लीगो म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात छोटी रात्र. बायका फुलांचे मुकुट घालतात, पुरुष ओकच्या पानांचे, घरी केलेलं चीज आणि बिअर असते, शेकोटी पेटवून सगळे गातात. गाण्यांत एकमेकांची टिंगलही करतात. मला आमच्या भोंडल्याची आठवण झाली. म्हटलं, अरे वा, हे तर आपलंच!

"करू या की!" मी म्हटलं. आणि त्या क्षणापासून तो सण माझा झाला. हाच तर माझा प्रॉब्लेम आहे.

लीगोच्या दिवशी सकाळी निखिल आणि इल्झे मीराला घेऊन एअरपोर्टला गेले, विहीणबाईंना आणायला. विहीणबाईंचं नाव इंद्रा. (तिकडे ते बायकांचं नाव आहे. हे कळल्यापासून आमचे हे रोज एकदा तरी म्हणत, "साक्षात देवांचा राजा यायचाय, सोफा पुसलास का?") मी पहाटेपासून घासपूस करत होते. मठ्ठ्यासाठी जिरं भाजून झालं, अंगण झाडून झालं. शेवटी दारावर ताज्या झेंडूचं तोरण लावायला गेले, तर समोर तो वाळका मुकुट.

"अहो, हे बघा. सणाच्या दिवशी दारावर सुकलेलं!"

"राहू दे. इल्झेचं आहे ते."

"मग काय झालं? बाळंतीण ती, तिला कुठला वेळ मिळतोय? विहीणबाई काय म्हणतील? सासूनं साधं जुनं तोरण उतरवलं नाही म्हणतील."

"तू विचारलंस का तिला?"

"ह्यात विचारायचं काय?"

हे वाक्य मला पुढे पुष्कळ वेळा आठवलं. आंघोळ करताना, ट्राममध्ये, कुठेही.

मुकुट उतरवला तर मागे पानांच्या देठांतून एक लाल लोकरीचा धागा गुंडाळलेला दिसला. माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. लाल धागा! म्हणजे पूजेतलं काहीतरी. म्हणजे हे डेकोरेशन नव्हे, हे निर्माल्य!

"ग्रीन बिनमध्ये टाक," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "बागेचा कचरा उद्या नेतात."

"निर्माल्य बिनमध्ये? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

तेव्हा ह्यांचं ऐकलं असतं तर तो मुकुट संध्याकाळपर्यंत बिनमध्ये सुखरूप पडून राहिला असता, आणि ही हकीकत लिहायची वेळ आली नसती. पण मला त्या मुकुटाचा मान ठेवायचा होता! थोडी कमी श्रद्धा असती तर निभावलं असतं.

कनालमध्ये काही टाकायला परवानगी नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मुकुट पिशवीत घातला, पिशवी कार्डिगनखाली धरली आणि पोटाशी हात घेऊन निघाले. वाटेत कुत्रं फिरवणारी शेजारीण म्हणाली, "पोट दुखतंय का?" मी म्हटलं, "थोडंसं." पाण्याशी पोचले. चपला काढल्या, मुकुट पाण्यावर सोडला, हात जोडले. तो बुडेना! सुकी पानं ती, मस्त तरंगायला लागली. आणि समोरच बांधलेल्या बोटीतून एक दाढीवाले गृहस्थ चहाचा मग घेऊन बाहेर आले.

"यू ऑल राइट, लव्ह?"

"इट्स रिलिजस," मी म्हटलं.

बिचाऱ्यानं आत जाऊन रेडिओ बंद केला, डोक्यावरची टोपी काढली आणि उभा राहिला. इतकंच करून थांबला नाही. मुकुट काठाला अडकतोय असं पाहून त्यानं लांब काठीनं तो हळूच प्रवाहात ढकलला. मी त्याला थँक यू म्हटलं. घरी आले, तोरण लावलं, मन कसं प्रसन्न झालं.

दुपारी पाहुण्या आल्या. इंद्राबाई उंच, पिकलेल्या केसांच्या, इंग्रजी मोजकं. त्यांनी आल्या आल्या मला दोन्ही हातांनी धरलं, आणि मग त्यांची नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली. रिकाम्या खिळ्याकडे. त्यांनी लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. इल्झे माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा इतका मऊ झाला की मी तो कधी पाहिला नव्हता.

"आई, तुम्ही मुकुट काढून नीट ठेवलात ना? मला रोज भीती वाटायची, आज संध्याकाळपर्यंत टिकतोय की नाही. थँक यू."

मी म्हटलं, "हो." नुसतं हो नाही, "हो हो, नीट ठेवलाय."

मग तिनं सांगितलं. माझ्या किचनमध्ये, चीजचं फडकं पिळता पिळता सांगितलं. मागच्या लीगोला ती गावी गेली होती तेव्हा ओमेनं तो मुकुट स्वतः विणला होता. इल्झेला नुकतेच दिवस गेले होते, आणि ते तिनं निखिलच्याही आधी ओमेला सांगितलं होतं.  ओमेनं लाल लोकरीचा गुंडा काढला, एक धागा मुकुटात गुंफला आणि उरलेल्या लोकरीचे बाळासाठी मोजे विणायला घेतले. मोजे पोस्टानं आले. ओमे गेली. आणि त्यांची रीत अशी की जुना मुकुट वर्षभर घरात ठेवायचा आणि पुढच्या लीगोच्या शेकोटीत जाळायचा. वर्षाचं सगळं दुःख त्याच्याबरोबर जातं.

"मी तिच्या शेवटाला नव्हते ना," इल्झे म्हणाली, "म्हणून आज मी तो माझ्या हातानं देणार आहे. आणि माझी आई पण. म्हणून ती आली."

मी जिऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा बंद केलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.  पण तोंड उघडेना. मी म्हटलं, "जरा कपडे वाळत घालून येते."

बाहेर हे होते.

"अहो, घात झाला."

ऐकून हे एवढंच म्हणाले, "मी म्हटलं होतं." लग्नाच्या सदतिसाव्या की अडतिसाव्या वर्षीही नवरा हेच वाक्य इतक्या ताजेपणानं कसं म्हणू शकतो, मला कळत नाही. मग म्हणाले, "निखिलला घेऊन कनालवर जातो, सापडेल कुठेतरी."

"आणि नाही सापडला तर?"

नाही सापडला तर काय, हे मी ठरवूनच टाकलं होतं. नवा मुकुट करायचा! गजरा विणायला मला कोणी शिकवायला नको. नव्या मुकुटांसाठी निखिलनं ओकच्या डहाळ्या आणून बादलीत ठेवल्या होत्याच. त्यातल्या चार पळवल्या, किचनचं दार लोटलं, आणि भराभर विणला. सुबक झाला. पण हिरवागार! एका वर्षाचा मुकुट एका दुपारीत वाळवायचा तर ओव्हनशिवाय इलाज नव्हता. सकाळी ज्या ट्रेमध्ये जिरं भाजलं होतं, तोच ट्रे हाताशी आला. मुकुट ठेवला, गरम हवा सुरू केली. पानं मुडपली, पण हिरवीच. ग्रिल लावली. पानांच्या कडा लाल झाल्या, मग काळ्या, मग स्मोक अलार्म!

मी स्टुलावर चढून टॉवेलनं अलार्मला वारा घालत होते तेव्हा दार उघडून इंद्राबाई आत आल्या. त्यांनी ओव्हनकडे पाहिलं. काचेतून आत, ट्रेवर, ओकची पानं भाजत होती.

"इंडियन फूड?" त्यांनी विचारलं.

"ट्रॅडिशनल," मी स्टुलावरून म्हटलं.

पाहुणचाराला नाही म्हणायचं नसतं हे त्यांच्याकडेही असावं. त्यांनी ओव्हन उघडला, एक पान उचललं, फुंकर मारली आणि खाल्लं. सावकाश, शेवटपर्यंत चावून. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिल्या.

"व्हेरी... ड्राय," त्या म्हणाल्या, आणि मला अंगठा दाखवला.

मी हसले नाही. आज सगळ्यांना हे सांगताना मी हसते, पण तेव्हा त्या बाईचा तो सज्जन चेहरा पाहून मला स्टुलावरच बसावंसं वाटलं. आईची शेवटची आठवण जाळायला दूरवरून आलेली बाई माझी करपलेली पानं खात होती.

निखिल आणि हे हात हलवत परत आले. "आई, त्या कनालमध्ये खूप बदक आहे," निखिल म्हणाला (इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याच्या मराठीत बदकं नेहमी एकटीच असतात), "पण मुकुट कुठेच नाही दिसली."

"सांगून टाक तिला," हे म्हणाले.

"सांगते."

सांगितलं नाही. करपलेला मुकुट खिळ्याला नेऊन अडकवला. पॅसेजमध्ये उजेड कमी असतो, शेकोटीपाशी धूर असतो. निभावेल असं वाटलं. सगळ्या खोटं बोलणाऱ्यांना असंच वाटत असावं.

संध्याकाळी बाग सुंदर दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. उजेड संपायचं नावच घेत नव्हता. इंद्राबाईंनी माझ्या डोक्यावर डेझी आणि क्लोव्हरच्या फुलांचा मुकुट ठेवला. ह्यांच्या टकलावर ओकचा मुकुट बसेना, तो दर वेळी कानावर यायचा. मीरा लाल मोज्यांतले पाय हवेत उडवत होती. त्या मोज्यांकडे मला पाहवत नव्हतं. आणि इल्झे आत जाऊन मुकुट घेऊन आली. दोन्ही हातांवर, पाळण्यातलं बाळ आणावं तसा.

ती शेकोटीशी थांबली. मुकुट चेहऱ्याजवळ नेला, बहुतेक निरोप घ्यायला. आणि तशीच राहिली.

"आई," ती म्हणाली, "ह्याला जिऱ्याचा वास का येतोय?"

 तिनं मुकुट उलटा केला. "लोकर कुठे आहे?"

मग मी सांगितलं. सगळं. तोरण, लाल धागा, पिशवी, कनाल, ओव्हन. इंद्राबाईंना काही कळत नव्हतं, त्या पाळीपाळीनं सगळ्यांकडे पाहत होत्या. इल्झेनं त्यांना सांगितलं तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. इल्झे रडली नाही. ओरडली असती तरी बरं झालं असतं! ती म्हणाली, "कुठे सोडलात, दाखवा."

आम्ही सगळे मुकुट घातलेल्या अवस्थेतच निघालो. पुढे मी, मागे विहीणबाई, निखिल, प्रॅम, आणि सर्वांत मागे कानावर ओकची पानं घेतलेले हाडांचे डॉक्टर. कनालवर फिरायला आलेली माणसं बाजूला होत होती. बोटीवाले गृहस्थ बाहेरच बसले होते. मला पाहून उठले, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सकाळच्या फ्युनरलवाल्या ना तुम्ही? फार छान केलंत हो. मी त्याला पुढे लावून दिलं, काळजी करू नका."

"कुठे?" इल्झेनं विचारलं.

त्यांनी पुलापलीकडे बोट दाखवलं. काठाच्या लव्हाळ्यात एका कूट पक्ष्याचं घरटं होतं; काळा पक्षी, कपाळावर पांढरा ठिपका. हे पक्षी सापडेल ते ओढून घरट्यात रचतात. काड्या, चिप्सची पाकिटं, काहीही. आणि त्याच घरट्याच्या कडेला, निखिल आणि ह्यांना बदकांच्या नादात न दिसलेला, ओमेचा मुकुट बसवलेला होता. भिजून काळा पडलेला, पण लाल धागा दिसत होता. आत पिलं होती, लाल डोक्यांची, टकली. पक्षीण आमच्याकडे बघून ओरडायला लागली.

निखिलनं बूट काढले. "मी जातो पाण्यात."

"नको," इल्झे म्हणाली. "पिलं आहेत. घरट्याला हात लावता येत नाही." मग म्हणाली, "कायद्यानं पण."

ती बराच वेळ तिथे उभी होती. मी तिच्या मागे. पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ह्या वेळी मी विचारलं, "इल्झे, हात ठेवू?" तिनं मान हलवली, होकारार्थी. ठेवला. तेव्हा ती रडली. फेब्रुवारीत मी दाराशी लाडू ठेवून खाली आले होते, त्या दिवसाचं रडणं होतं ते, आणि त्यावर माझ्यामुळे आणखी एका दिवसाची भर पडली होती. पक्षी वाचले, पिलांना आजीच्या मुकुटाची ऊब मिळाली, वगैरे वगैरे मला नंतर पुष्कळांनी समजावलं. पटलं नाही मला. तो मुकुट पिलांसाठी नव्हता.

परत येऊन शेकोटीपाशी बसलो. इंद्राबाईंनी मीराच्या एका मोज्याचा गोंडा सोडला, लाल लोकरीचा तेवढाच तुकडा लेकीच्या हातात दिला, आणि दोघींनी मिळून तो आगीत सोडला. क्षणात संपला. मुकुट असता तर तडतडला असता, उजेड झाला असता, निरोप घ्यायला वेळ मिळाला असता. मग इल्झेनं माझा करपलेला मुकुटही टाकला. बागभर जिऱ्याचा वास सुटला.

तेवढ्यात इंद्राबाई गायला लागल्या. हळू आवाजात, ओळीच्या शेवटी "लीगो, लीगो". निखिलनं अर्थ विचारला तर इल्झे म्हणाली, "ती आईंना चिडवतेय. म्हणतेय, ह्या घरच्या सासूबाई इतक्या स्वच्छ, की पाहुण्यांनो, डोक्यावरचे मुकुट घट्ट धरा." सगळ्यांनी खरंच मुकुट धरले, ह्यांनी कानावरचा. मीही धरला. इंद्राबाई हसल्या. इल्झेही हसली, पण ओठांनीच. झोपायला जाताना ती जिन्यावर थांबली आणि म्हणाली, "आई, मी रागावले नाही. पण पुढच्या वेळी विचारा."

तेवढंच एक वाक्य. अजून माझ्याबरोबर राहतंय.

आता मीराच्या एका मोज्याला गोंडा आहे आणि एकाला नाही. ते मोजे मी हातानं धुते, मशीनमध्ये टाकत नाही. दारावर ह्या लीगोचा नवा मुकुट आहे, त्याची पानं कार्पेटवर पडतात आणि मी हूव्हर लावत नाही. ट्रामकडे जाताना कनालवर थांबते. घरटं आता मोडलंय, लोकर कुठे गेली कोण जाणे.

विचारायचं मात्र मी मनावर घेतलंय. इल्झे आता पुन्हा कामावर जाते, तर परवा तिला वॉर्डवर फोन केला. ती घाबरली, म्हणाली, "आई, काय झालं? मीरा?"

"मीरा मजेत आहे. फ्रिजमध्ये एक वाळलेली कोथिंबिरीची जुडी आहे. टाकू का?"

पलीकडे तिनं कुणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं.

"आई," ती म्हणाली, "ती फक्त कोथिंबीर आहे."

तरी मी अजून टाकलेली नाही.